पाय फुटलेला कापूस

२ फेब्रुवारी

विहीणबाई,

दार न वाजवता घरात शिरावं तशी पत्रात शिरते, रागावू नका. अक्षर वाकडं आहे ते चालवून घ्या. शाळेत मी तिसरीपर्यंत गेले, तीसुद्धा अर्धी. मग शर्टाच्या कारखान्यात बटणं लावायला बसले ती बसलेच. फोन केला असता, पण लॉन्ड्रीतल्या यंत्रांनी तुमचे कान खाल्लेत. मी इकडून ओरडणार आणि तुम्ही तिकडून "कोण? कोण?" करणार. त्यापेक्षा हे बरं.

तुमची कुंडी गाडीवाल्यानं थेट दारात आणून दिली. काय झाड आहे हो! पानं अशी जाड की बोटाला गार लागतात, आणि वर लाल फुलांचे झुपके, जसं काही कोणी बसून भरतकाम केलंय. शेजारीण म्हणाली, "विकतचं दिसतंय." म्हटलं, "विकतचं कशाला असेल? आमच्या विहीणबाईंनी वाढवलंय. त्यांच्या घरात धूळसुद्धा इस्त्री करून बसते."

आणि एक सांगायचं म्हणजे तो कापूस. पानांच्या बेचक्यात, अगदी देठाशी, तुम्ही बारीक बारीक कापूस लावून पाठवलात ना, त्यानं मला भरून आलं. गाडीचे धक्के बसू नयेत म्हणून इतकं कोण करतं? कारखान्यात काचेची बटणं यायची ती अशीच कापसात बसवून यायची. माझा चष्मा फुटलाय, दुकानदार रोज "उद्या" म्हणतो, त्यामुळे नीट दिसलं नाही, पण बोटांना कळलं. मऊ आहे, जरासा चिकटही आहे. काढणार होते, मग म्हटलं राहू दे, नवीन घरात आलंय बिचारं, ऊब लागत असेल.

आता खरी बातमी. तुम्हाला मुलानं सांगितलीच असेल, पण मी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. जावईबापूंना कंपनी एप्रिलमध्ये लांब पाठवतेय, आणि तेवढे दिवस लेक आपल्या नातीला, गुंडीला घेऊन माझ्याकडे राहायला येणार! माझ्याकडे! सकाळपासून तीन वेळा चादर बदलली, माणूस यायला अजून दोन महिने आहेत. गुंडी आता रांगते म्हणे, आणि खालचा दात दिसायला लागलाय.

तुमची,
बटणआजी

(हे नाव जावईबापूंचं हो. तुम्ही इस्त्रीआजी, मी बटणआजी. मला आवडलं, तुम्हाला आवडलं नाही असं ऐकलं.)


९ फेब्रुवारी

बटणआजींना नमस्कार.

पत्र मिळालं. झाड नीट पोचलं, बरं झालं.

नातीला गुंडी म्हणू नये, असं मी मागेही सांगितलं होतं. तिला चांगलं ठेवलेलं नाव आहे. उद्या शाळेत मुलं चिडवतील.

कापसाबद्दल. होय, प्रवासासाठीच लावला होता. आता त्याचं काम संपलं आहे, तेव्हा कृपा करून काढून टाका. काडीला दुसरा स्वच्छ कापूस गुंडाळा, स्पिरिटमध्ये बुडवा आणि सगळ्या खाचा पुसून घ्या, म्हणजे चिकटपणा राहणार नाही. आधी एकाच पानावर लावून बघा. पान काळं पडलं नाही तरच पुढे. निघालेला कापूस पिशवीत घट्ट बांधून घराबाहेर टाका.

कुंडी बाकीच्या झाडांजवळ ठेवू नका. वेगळ्या खोलीत ठेवा. या जातीला एकटं राहायला आवडतं.

हे जमल्यास आजच करा.

लेक तुमच्याकडे येते आहे, आनंद आहे. पहिला मान आईचाच असतो.

इस्त्रीआजी
(नाव आवडलं नाही हे खरं आहे.)


१७ फेब्रुवारी

विहीणबाई,

एकटं राहायला आवडतं असं तुम्हाला कोणी सांगितलं? त्या झाडानं? आमचे हे गेल्यापासून मी एकटी राहते, मला विचारा. कोणालाही आवडत नाही, मग ते पानाचं असो नाहीतर हाडामांसाचं. मी तुमच्या लालबाईला खिडकीत अगदी मधोमध बसवलंय. एका बाजूला माझी गुलाबी, दुसऱ्या बाजूला पिवळी, मागे ते काटेवालं. सगळ्यांची पानं एकमेकींना लागतात. बघितलं की वाटतं, गप्पा चालल्यात.

आता कापसाचं ऐका, आणि हसू नका. तुम्ही टाकून द्या म्हणालात, पण माझा हात होईना. तुमच्या हातचा कापूस आणि तो मी कचऱ्यात टाकू? मग मी काय केलं, निम्मा काढला आणि थोडा थोडा करून माझ्या झाडांच्या बेचक्यात लावला. गुलाबीला लावला, पिवळीला लावला. सगळ्यांच्या गळ्याशी सारखी ऊब. माझ्या मेलीच्या हे आधी डोक्यात कसं आलं नाही!

आणि काय सांगू, तो कापूस वाढतोय! म्हणजे मला तसं वाटतं, चष्मा अजून आलेला नाही. मुंग्यांची रांगसुद्धा लागलीय कुंडीवर. मी शेजारणीला म्हटलं, बघ, झाड एवढं छान की मुंग्यासुद्धा बघायला येतात. ती म्हणाली, "तुमचं आपलं काहीतरीच." तिच्याकडे एकच तुळतुळीत रोप आहे, ते पण प्लॅस्टिकचं असावं असा मला संशय आहे.

गुंडीसाठी मी कापडी चेंडू शिवतेय. डोळ्यांनी नाही, बोटांनीच. दात शिवशिवत असतील तर चावायला बरा.

बटणआजी


२१ फेब्रुवारी

बटणआजी,

हे पत्र वाचाल त्याच क्षणी सगळ्या झाडांवरचा कापूस काढा. सगळ्या. तो कापूस खराब निघाला. मला दुकानदारानं फसवलं. ठेवू नका, वाटू नका, दुसऱ्या झाडाला लावू नका. लाल झाड खिडकीतून हलवा.

चष्मा येईपर्यंत शेजारणीला नीट बघायला सांगा. नको, शेजारणीला सांगू नका.

इस्त्रीआजी


१ मार्च

विहीणबाई,

चष्मा आला.

कापसाला पाय आहेत.

मी खिडकीशी उभी राहून बघत होते. आधी वाटलं नवीन काचेमुळे डोळे फिरतायत. मग त्यातला एक ठिपका हळूच पानाच्या शिरेवरून चालत खाली गेला. चपटा, लांबट, पिठात लोळल्यासारखा, कडेला झालर. मग दुसरा. देठाशी तर पाळणाघरच आहे. पानांवर चिकट लकाकी, मी इतके दिवस तिला तजेला समजत होते! मुंग्या झाड बघायला आल्याच नव्हत्या, त्या तो गोड चिकटा चाटायला आल्या होत्या.

एक पान तोडून रोपवाटिकेत नेलं. तो माणूस लांबूनच म्हणाला, "पिठ्या कीड आहे, आजी. भरपूर आहे." भरपूर म्हणताना त्यानं हात असे पसरले, जसं काही मी बक्षीस मिळवलंय.

विहीणबाई, मला लाजेनं मेल्यासारखं झालं. तुम्ही स्वच्छ कापूस पाठवलात आणि माझ्या घरचे किडे त्यात जाऊन बसले. तुम्ही दुकानदाराला नावं ठेवलीत, तो बिचारा काय करणार? घरच माझं असं. तुमचं झाडसुद्धा बिघडवलं मी.

त्या माणसानं औषधाची बाटली दिली. मी काही विचार न करता सगळी झाडं, खिडकी, पडद्याची खालची बाजू, जिथे दिसेल तिथे मारलं. वास असा की डोळ्यांतून पाणी. आणि नेमका तेव्हाच लेकीचा फोन. मी पडले भोळी, सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "आई, औषध घरात मारलंस? ती रांगते गं! जे दिसेल ते तोंडात घालते. परवा चपलेचा पट्टा चाखला तिनं."

मी म्हटलं, "पुसून घेईन मी."

"आणि किडे?"

"ते पण पुसून घेईन."

मग ती म्हणाली, "आई, या वेळी मी सासूबाईंकडेच जाते. तिथे असलं काही नसतं. त्यांच्या घरात किडा शिरला तरी त्यालाच लाज वाटेल."

खरंच बोलली. "बरं," म्हटलं, फोन ठेवला, मग धरलेलं फडकं कुठे ठेवलं ते सापडेना, ते खांद्यावरच होतं.

तर गुंडी तुमच्याकडे येतेय. झोपताना तिला पाठीवर थोपटलेलं आवडत नाही, कपाळावरून एक बोट फिरवायचं, भुवईपासून वर. रडली तर नळाचं पाणी दाखवायचं. चेंडू गाडीवाल्याबरोबर पाठवते. उकळून घेतलाय, घाबरू नका.

बटणआजी


६ मार्च

बटणआजींना नमस्कार.

सूनबाईचा फोन आला होता. मला नीट ऐकू येत नाही म्हणून दुकानातल्या बाईनं निरोप घेतला. दोघींसाठी मागची खोली रिकामी करते आहे.

तुम्ही इतकं लावून घेऊ नका. ही कीड कोणाकडेही होऊ शकते. त्याचा घराच्या स्वच्छतेशी संबंध नसतो.

आता करायचं ते असं. ते औषध पुन्हा मारू नका. खिडकी आणि फरशी साबणाच्या पाण्यानं दोनतीनदा धुवा. जी झाडं फार बरबटली आहेत ती सरळ टाका, जीव अडकवू नका. उरलेल्यांचे फुलांचे दांडे कापा, किडे झुपक्यात लपतात. स्पिरिटचा बोळा आधी सांगितला तसाच. कुंडीतून झाड उपटून मुळंही बघा, मातीतही असतात. पाणी कमी घाला. आणि एकदा पुसून भागत नाही, अंडी राहतात. मी तर हल्ली रोज सकाळी एकेक पान उलटून बघते.

चेंडू मिळाला. शिवण चांगली आहे.

इस्त्रीआजी


१२ मार्च

विहीणबाई,

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. बसवतच नाही मला. बसले की वाटतं मागे काहीतरी चालतंय. सकाळी उठले की आधी खिडकी, मग तोंड धुणं. पडदे उकळले, त्यांचा रंग गेला. गुलाबीचे दांडे कापताना सारखं "थांब गं, झालंच" म्हणत होते, शेजारीण म्हणे, कोण आलंय? पिवळी वाचली नाही. मुळांपर्यंत पांढरी झाली होती, कुंडीसकट टाकली. काटेवाल्यानं मला दोन ठिकाणी टोचलं, पण स्वच्छ निघालं. तुमची लालबाई आहे, बोडकी झालीय, पण खालून नवीन पान फुटलंय. आता तिला खरंच एकटी ठेवलीय, न्हाणीच्या खिडकीत. जाता येता बोलते तिच्याशी.

स्पिरिटच्या वासानं माझा नवरा आठवला. दवाखान्यात साफसफाईला होता ना, घरी आला की हाच वास. असो, कुठून कुठे गेले मी.

मला एक सांगा. तुमच्याकडे कीड नाही, तर रोज सकाळी पानं उलटून तुम्ही काय बघता?

आणि दुसरं. हे विचारायला नको, पण रात्रंदिवस तेच डोक्यात आहे, तेव्हा विचारतेच. लग्न ठरलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे आला होतात. चहा घेतलात, पण अर्धा कप ठेवलात. तेव्हा माझं घर तुम्हाला कसं वाटलं होतं? मी घाणेरडी आहे का हो? खरं सांगा. लेक बोलली ते चुकून बोलली नाही, तिला लहानपणापासून तसंच वाटत असेल, असं आता मला वाटायला लागलंय. मी सारखं घासतेय आणि घर काही स्वच्छ दिसत नाही.

बटणआजी


१७ मार्च

बटणआजी,

तुमच्या घरात काहीच नव्हतं. कीड माझ्या झाडावरून आली.

मी कापूस लावला नव्हता. तुमचं पहिलं पत्र वाचलं आणि उठून माझी खिडकी बघितली, तर तिथेही तोच कापूस. तेव्हाच लिहायला हवं होतं. पण माझा जन्म लोकांचे डाग काढण्यात गेला. माझ्या दुकानातून कपडा डाग घेऊन परत गेला, असं कोणी म्हणालेलं नाही. आणि विहिणीच्या घरी मी किडे भेट पाठवले, हे माझ्या हातून लिहवेना. तुम्ही कापूस म्हणालात, मला आयतं दार मिळालं, मी निघून गेले.

वाटलं होतं, काढायला सांगितलं की तुम्ही काढाल आणि प्रश्न मिटेल. तुम्ही तो वाटाल हे माझ्या डोक्यात आलं नाही. असं कोणाच्याच डोक्यात येणार नाही.

आणखी एक. सूनबाई इकडे येते म्हटल्यावर मला आनंद झाला. वाईट वाटायला हवं होतं, ते नंतर वाटलं. मागची खोली मी गाणं म्हणत आवरली. हेही लिहून टाकते.

चहा मी अर्धा ठेवला कारण त्यात साखर फार होती. घर मला आवडलं होतं. खिडकीत ऊन होतं आणि तुम्ही सारख्या हसत होतात. घरी येऊन मी मुलाला म्हटलं, मुलगी चांगल्या घरातली आहे.

काल दुकानातल्या बाईला बाहेर पाठवून मी स्वतः सूनबाईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तिचं बोलणं मला ऐकू येईना, म्हणून मीच बोलत राहिले. मग लक्षात आलं की ती बोलतच नव्हती. शेवटी ती जोरात म्हणाली, ते ऐकू आलं: "आईला तुम्हीच कळवा."

कळवलं. माझ्या खिडकीत किडे अजून आहेत, तुमच्याकडे आता नाहीत. नातीनं तुमच्याकडेच राहावं. चेंडू परत पाठवते आहे.

इस्त्रीआजी


२३ मार्च

विहीणबाई,

पत्र वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग मी एवढी हसले की शेजारीण पळत आली. तिला काही सांगितलं नाही, अब्रू तुमची असली तरी खिडकी माझी आहे. मी विहिणीच्या किड्यांना थंडी वाजू नये म्हणून घरभर वाटत फिरले! एकेकाला जागा बघून बसवलं! असं कुठल्या किड्याचं कोणी केलं नसेल.

हसून झाल्यावर मात्र राग आला, तोही सांगते, तुम्ही सगळं लिहिलंत तर मीही लिहिते. झाडांचा नाही आला. पिवळी गेली, दुसरी लावता येईल. पण इतके दिवस मी माझंच घर नाकाला पदर लावून बघत होते. आलेल्या माणसाला आत बोलवायला लाजत होते. पोस्टमनला पाणी दारातच दिलं. ते तुम्ही करायला नको होतं. बस, एवढंच. आता पुन्हा यावर मी बोलणार नाही. म्हणजे प्रयत्न करीन.

साखरेचं आधी सांगायचं ना! मी पाहुण्याला मुद्दाम जास्त घालते.

लेकीचा फोन आला. आधी रडली, "आई, मी काय बोलले गं तुला," वगैरे. मी म्हटलं, "तू चपलेचं बघ." मग म्हणाली, "तुम्ही दोघी लहान आहात का? मला एक बाळ सांभाळायचंय की तीन?" आणि येतेय! दहा तारखेला. औषधाचा वास गेलाय, मी शेजारणीला, मांजराला, सगळ्यांना हुंगायला लावलं. खिडकी तीनदा धुतली. झाडं सगळी उंचावर, गुंडीच्या हाताबाहेर. गुलाबीवर परवा एकच पांढरा ठिपका सापडला, लगेच पुसला. उद्या पुन्हा बघीन, परवा पुन्हा. हे आता चालूच राहणार असं दिसतंय.

आता तुमचं. माझ्याकडे रीत अशी नाही की एकीनं नात मांडीवर घ्यायची आणि दुसरीनं आठवड्याभरानं खुशाली वाचायची. तुम्हीही या. लॉन्ड्री त्या बाईवर सोपवा, ती तुमचा फोन घेते तर इस्त्रीही घेईल. मोकळ्या हातानं या. कुंडी, कापूस, काही आणू नका, कपडेसुद्धा झटकून आणा. नाही, हे मी गमतीनं म्हटलं. पण झटका.

तिला काय म्हणायचं त्यावर भांडण नको. तुम्ही ठेवलेलं नाव घ्या, मी गुंडी म्हणीन, ती ज्याला वळून बघेल ते बघेल.

झोपायचं मात्र आत्ताच ठरवून टाकू. पलंगावर मावणार नाही, खाली मोठी गादी घालते. गुंडी मधे, एका बाजूला तुम्ही, एका बाजूला मी. भिंतीकडची बाजू माझी. तुम्ही पाहुण्या, तुम्हाला मोकळी बाजू, उठायला सोपी.

राग धरून नाही हो सांगत. लेक म्हणाली, गुंडी झोपेत भिंतीकडे वळते.

तुमची,
बटणआजी